वीस मिनिटांत दुप्पट

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरात सूतगिरणी चौकातून पुंडलिकनगरकडे निघालं की चिकन-मटणाच्या प्रत्येक दुकानापुढे कापडी पिशव्या घेतलेली माणसं दिसतात. ‘चरबी काढून द्या’, ‘पोटा-कलेजी वेगळी बांधा’, ‘नळी टाका दोन-तीन’. गारखेडा परिसरात मांसाहाराचा वार तसा रविवारच, आणि या गर्दीत आकड्यांची बोलणी खूप चालतात: किलोचा भाव, अर्ध्या किलोचे तुकडे, काट्यावरचे पन्नास ग्रॅम इकडे की तिकडे. एक आकडा मात्र सहसा कुणी विचारत नाही. हे कापून किती मिनिटं झाली?

मिनिटं का, तर समोरच्या ओंडक्यावर जे जिवाणू असतात, त्यांचं घड्याळ मिनिटांचंच असतं. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी. त्याच्या काही जाती निरुपद्रवी आहेत, काही दवाखाना दाखवणाऱ्या. शरीराइतकी ऊब, ओल आणि खायला प्रथिनं मिळाली की हा जिवाणू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. नव्या जागी रुळायला त्याला सुरुवातीला थोडा वेळ लागतो, तो सोडून देऊ. सकाळी दहाला एक जिवाणू धरला, तर अकराला आठ. दुपारी एकला ५१२. इथवर काही वाटत नाही. पण संध्याकाळी सहाला, म्हणजे आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट होऊन, तो आकडा १,६७,७७,२१६ होतो. रात्री आठला १,०७,३७,४१,८२४. शेवटच्या दोन तासांतच शंभर कोटींहून अधिक भर पडली.

दुप्पट होण्याचं हे गणित माणसाच्या डोक्यात नीट बसत नाही. आपल्याला बेरजेची सवय आहे, पगार वाढतो तसा. एका जिवाणूचं वजन एका ग्रॅमचा साधारण लाख कोटीवा भाग. वजनच नाही म्हणा ना! तरीही चोवीस तास अखंड दुप्पट होत राहिलं तर त्या एकाच्या वंशजांचं वजन भरेल सुमारे ४,७०० टन. आणि चव्वेचाळीस तासांत त्यांचं वजन पृथ्वीच्या वजनाजवळ जाईल. प्रत्यक्षात असं होत नाही. खायचं संपतं, स्वतःच सोडलेल्या आम्लात ते गुदमरतात, आणि पृथ्वी वाचते. मात्र पहिले आठ-दहा तास हे गणित बऱ्यापैकी खरं चालतं, आणि आपल्या पोटाला तेवढे तास पुरे आहेत.

आता कुणी म्हणेल, खराब मटण काय कळत नाही? वास येतो की. येतो, पण केव्हा येतो ते बघा. स्वच्छ कापलेल्या मांसावरही दर चौरस सेंटिमीटरला हजारभर जिवाणू असतातच. माणसाच्या नाकाला खराब वास जाणवतो तो हा आकडा एक कोटीच्या आसपास गेल्यावर. बोटाला बुळबुळीत लागायला तर दहा कोटी लागतात. हजारापासून कोटीपर्यंतचा प्रवास म्हणजे तेरा-चौदा वेळा दुप्पट होणं. मे महिन्यात, उघड्या ओट्यावर, अर्ध्या तासाला एकदा असं धरलं तरी सात तासांच्या आत काम फत्ते. तेच मांस पाच अंशांखाली ठेवलं तर एकदा दुप्पट व्हायला सात-आठ तास जातात आणि तोच प्रवास चार दिवसांचा होतो.

त्यातही गंमत अशी की वास सोडणारे जिवाणू वेगळे आणि आजारी पाडणारे बहुतेक वेगळे. आमांश करणाऱ्या शिगेलाचे दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी पुरतात. नोरो विषाणूचंही तसंच, आणि त्याची लागण झालेल्या माणसाच्या एक ग्रॅम शौचात ते अब्जांनी असतात. दहा आणि अब्ज. नाकाचा इथे काही संबंधच उरत नाही. म्हणून तर तपासणी नावाची गोष्ट माणसानं काढली.

ती आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, म्हणजे कत्तलखान्यावरचा प्रमुख. ताज्या मारलेल्या जनावराचंच मांस विकावं, आपोआप मेलेल्या जनावराचं किंवा नासलेलं विकू नये, विकल्यास १२ पण (तेव्हाचं नाणं) दंड. वजनात मारलं तर जेवढं मारलं त्याच्या आठपट. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नियमांत आणि आजच्या कायद्यात हेतूचा फरक फारसा नाही. फरक पडला आहे तो माणसांच्या आणि जनावरांच्या संख्येत.

कत्तलखान्यांसाठी केंद्र सरकारचे २००१चे नियम आहेत. त्यांत पशुवैद्यकाला एक मर्यादा घालून दिली आहे: तासाला १२ हून अधिक जनावरं तपासायची नाहीत आणि दिवसाला ९६ हून अधिक नाहीत. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटं. या पाच मिनिटांत काय करायचं? जनावर जिवंत असताना त्याची चाल बघायची, डोळे, नाकातला स्राव, ताप, अंगावरच्या गाठी. कापल्यावर फुप्फुसं दाबून बघायची, यकृतावर सुरी फिरवून आत पर्णकृमी आहेत का, पाण्याच्या फुग्यासारख्या हायडॅटिडच्या गाठी आहेत का ते पाहायचं, लसिका ग्रंथी चिरून क्षयाची खूण शोधायची. मग शिक्का. पाच मिनिटांत एवढं सगळं नीट करणारा डॉक्टर हा कसबी माणूस असतो आणि त्याचं कौतुक आपण कधी केलेलं नाही.

हा नियम आपल्या शहराला लावून बघू. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ११ लाख ७५ हजार माणसं होती. आज त्याहून पुष्कळ जास्त आहेत, पण हिशोबाला तोच आकडा घेऊ. पाच माणसांचं एक घर, तर २ लाख ३५ हजार घरं. दहापैकी एकाच घरानं रविवारी अर्धा किलो मटण आणलं असं समजू. झालं ११,७५० किलो. एका बोकडाचं मांस दहा किलो धरलं तर १,१७५ बोकड. दिवसाला ९६च्या मर्यादेनं हे तपासायला १३ डॉक्टर हवेत, आठ तास, चहालाही न उठता. शहराचा कत्तलखाना पडेगावला आहे. ज्या मटणावर तिथला शिक्का नाही, त्याची ही पाच मिनिटं झाली की नाही, हे गिऱ्हाईक कशावरून ओळखणार?

कोंबडीचं गणित याहून अवघड आहे. अर्ध्या घरांनी एकेक किलो चिकन आणलं तर ८५ हजारांच्या घरात पक्षी लागतील. एका पक्ष्याला डॉक्टरनं पाच नाही, एकच मिनिट दिलं, तरी १७७ डॉक्टर. ते कुठून आणायचे? २०११च्या परवाना नियमांनुसार दिवसाला ५० पर्यंत पक्षी कापणाऱ्याला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते, त्यावर गेलं की परवाना घ्यावा लागतो. रविवारी दुपारी बारापर्यंतच एखाद्या चालत्या दुकानानं हा पन्नासचा आकडा ओलांडला तर नवल नाही. पिंजऱ्यातून पक्षी काढला, ड्रममध्ये टाकला, सोलला, सत्तूरनं तुकडे केले, पिशवीत भरला. चार-पाच मिनिटांत सगळं संपतं आणि या चार-पाच मिनिटांत डॉक्टर कुठेच नसतो.

आपल्याकडच्या सुशिक्षितांना ‘डोळ्यांसमोर कापून द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक मागासलेलं वाटतं. मला तसं वाटत नाही. जिथे शीतसाखळीचा भरवसा नाही, तिथे समोर कापून घेणं म्हणजे जिवाणूंच्या घड्याळाला चावीच न देणं. वेळेच्या बाजूनं हे गिऱ्हाईक शंभर टक्के बरोबर आहे. ते चुकतं ते ओंडक्याच्या आणि फडक्याच्या बाजूनं. पक्षी ताजा असतो, पण ओंडक्याच्या भेगा सकाळपासूनच्या असतात. ज्या फडक्यानं सत्तूर पुसला त्यानंच काटा पुसला, त्यानंच हात. सहा वाजता त्या फडक्यात काय असेल याचा आकडा वर आलाच आहे.

आणि मोठ्या यंत्रांनी हा प्रश्न सुटला असंही नाही. अमेरिकेत २०१४च्या नव्या पद्धतीत एका साखळीवरून मिनिटाला १४० पर्यंत कोंबड्या सरकारी निरीक्षकापुढून जाऊ शकतात. अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात एक. तिथे पाणी भरपूर, शीतगृहं भरपूर, प्रयोगशाळा भरपूर. तरी वर्षाला ४ कोटी ८० लाख माणसं अन्नातून आजारी पडतात, म्हणजे सहांतला एक, असा त्यांच्याच आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये जगाचा हिशोब मांडला तेव्हा आकडा निघाला वर्षाला ६० कोटी आजारी आणि ४ लाख २० हजार मृत्यू. दर सेकंदाला १९ माणसं. मृतांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलं पाच वर्षांखालची.

भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे १ कोटी अडीच लाख टन मांसाचं उत्पादन झालं, त्यातलं जवळजवळ अर्धं कोंबडीचं. सेकंदाला सव्वातीनशे किलो पडतं. एवढ्या पसाऱ्यावर नजर ठेवायला आपल्याकडे दोन दारं आहेत. कत्तलखाना आणि मांसविक्रीचा बाजार महापालिकेकडे. अन्नसुरक्षेची नोंदणी, परवाना, नमुने हे सगळं अन्न व औषध प्रशासनाकडे, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या अन्नसुरक्षा कायद्याखाली. तक्रारदार बहुतेक वेळा आधी चुकीचं दार वाजवतो. शिवाय मांसाची दुकानं बातमीत येतात ती बंद ठेवण्याच्या दिवशी. ऑगस्ट २०२५ मध्ये कोणत्या दिवशी विक्री बंद, यावरून राज्यभर केवढा गदारोळ झाला, त्यात आपलं शहरही होतं. ज्या दिवशी ती उघडी असतात, त्या साडेतीनशेहून अधिक दिवसांच्या पाण्याबद्दल आणि फडक्याबद्दल कुणी एक पत्रक काढल्याचं आठवत नाही.

नमुना घेतला की पुढे काय होतं तेही बघण्यासारखं आहे. अन्नसुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्यानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कायद्याच्या मानानं चौदा दिवस फार नाहीत. पण वीस मिनिटांच्या घड्याळात चौदा दिवस म्हणजे १,००८ पिढ्या. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर २५,२०० वर्षं. माणूस शेती करायला लागला त्याच्या दुपटीनं मागे. नमुना अर्थातच थंड ठेवतात, तो जागचा हलत नाही. पण ज्या मालातून तो घेतला तो माल त्याच संध्याकाळी विकला जाऊन पचलेलाही असतो. म्हणून मांसाच्या बाबतीत अहवाल हा शिक्षेसाठी उपयोगी, पोट वाचवायला नाही.

प्रयोगशाळेची बाजूही ऐका. साल्मोनेला या जिवाणूचा निकष असा असतो की २५ ग्रॅममध्ये एकही सापडता कामा नये. २५ ग्रॅम म्हणजे एका जिवाणूच्या वजनाच्या २५ लाख कोटी पट. तांदळाच्या भाषेत सांगायचं तर ५ लाख टन तांदळात एक दाणा शोधायचा. हा तांदूळ दहा टनी ट्रकांत भरला तर ५० हजार ट्रक होतील, एकामागे एक लावले तर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग अडेल, आणि त्यातल्या एका पोत्यातला तो एक दाणा. कुणाला डोळ्यांनी सापडणार नाही. मग प्रयोगशाळा जिवाणूचीच खोड त्याच्यावर उलटवते. नमुन्याला खाऊ घालते, ३७ अंशांवर उबवते, आणि एकाचे कोटी होऊ देते म्हणजे ते दिसतील. यासाठी ३७ अंशांची पेटी विजेवर चोवीस तास चालवावी लागते. गारखेड्यात मे महिन्याच्या दुपारी तीच सोय ओट्यावर फुकट आहे.

आपलं शहर नान खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्शाचं. खलियाची देग हा अन्नशास्त्रातला एक सुंदर प्रश्न आहे. उकळत्या देगीत जिवाणू मरतात, यात शंका नाही. पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जिवाणू संकट आलं की टणक कवचाचा बीजाणू होऊन बसतो आणि शंभर अंशांना तासभर दाद देत नाही. आच बंद झाली, देग निवायला लागली, की तो कवच फोडून बाहेर येतो. बाकी सगळे मेलेले, रान मोकळं, आणि त्याला सर्वांत मानवणारं तापमान ४३ ते ४५ अंश. त्या उबेत तो दहाच मिनिटांत दुप्पट होतो, आपल्या ई. कोलायच्या दुप्पट वेगानं. छोट्या पातेल्यातला रस्सा त्या पट्ट्यातून लवकर बाहेर पडतो. मोठ्या देगीच्या पोटात तो तासन् तास तिथेच अडकतो, आणि बाहेर हवाच ४१ अंशांची असेल तर विचारायलाच नको. तीन तास म्हणजे अठरा दुपटी: शंभर बीजाणूंचे २ कोटी ६२ लाख. रात्री जेवलेली माणसं पहाटे पोट धरून उठतात आणि दोष जातो मटणवाल्याला. मटण चांगलं होतं. देग वाईट निवली.

चांगला आचारी देग खालून मंद आचेवर गरम राखतो, ६० अंशांच्या वर, किंवा उरलेलं पसरट भांड्यांत काढून लवकर थंड करतो. मधलं काही नाही. पाच आणि साठ अंशांच्या मधल्या जागेत अन्न जितका वेळ राहील तितकं धोक्याचं.

आणि हे शाकाहारी मंडळींनी हसण्यावारी नेऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत धार्मिक कार्यक्रमाच्या प्रसादातली भगर-आमटी खाऊन २,००० हून अधिक माणसं आजारी पडली. मांसाचा तुकडा नव्हता त्यात. एकाच भांड्यात हजारो माणसांचं अन्न शिजतं, तेव्हा एक चूकही हजारोंनी गुणली जाते.

राहता राहिल्या माशा आणि पाणी. १९०८ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी ४१४ घरमाश्या धुऊन त्यांच्या अंगावरचे जिवाणू मोजले होते. सरासरी आली एका माशीमागे बारा लाखांहून अधिक. त्यानंतर कुणी दुकानाला जाळीचा दरवाजा लावला असेल तर तो खरा शहाणा. पाण्याचं तर आपल्या शहरात बोलायची सोय नाही. पैठणच्या नाथसागरात काठोकाठ २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्याच जनगणनेच्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी साधारण २४ लाख ७५ हजार लिटर. अर्थात धरण सिंचनाचंही आहे, इतर जिल्ह्यांचंही आहे, हा भागाकार कुणी मनावर घेऊ नये. पण या धरणापासून पन्नास किलोमीटरच्या आतलं शहर वर्षानुवर्षं काही दिवसांआड येणाऱ्या नळावर जगत आलं आहे. मटणवाल्यानं ओंडका धुवायचा कशानं? टँकरनं किंवा ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यानं. त्याच ड्रममध्ये हात, त्यातच सुरी, त्यातच चिकनचे तुकडे खळबळून काढायचे. अस्वच्छ व्यवसायासाठी कायद्यात एक लाखापर्यंत दंड आहे. वाहतं पाणी नसलेल्या दुकानाला हा दंड करणं सोपं आहे, ते पाणी देणं अवघड. माझ्या मते शहरातल्या मांसाच्या स्वच्छतेचा निम्मा प्रश्न जलवाहिनीचाच आहे, आणि तो कुठलाही निरीक्षक सोडवू शकणार नाही.

एवढे भयंकर आकडे असूनही रविवारी संध्याकाळी बहुतेक घरं ठणठणीत असतात, याचं श्रेय तपासणीला देता येत नाही. ते कुकरला द्यावं लागतं. वाढताना आकडा दुपटीनं वाढतो, शिजताना त्याहून वेगानं कोसळतो. मांसाच्या आत सत्तरेक अंश पोचले की काही सेकंदांत दहांतले नऊ साल्मोनेला मरतात. पुन्हा तेवढ्या सेकंदांत उरलेल्यांतले नव्वद टक्के. एक कोटीचे दहा लाख, दहा लाखांचे एक लाख. सात पायऱ्यांत एक कोटीचा एक. कुकरच्या बंद भांड्यात तर १२० अंशांच्या आसपास तापमान जातं आणि देगीत न मरणारे ते बीजाणूही तिथे टिकत नाहीत. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू मात्र अपवाद. तो आधीच विष सोडून गेला असेल तर तो मरतो, विष राहतं, आणि अर्धा तास उकळूनही ते जात नाही. तासन् तास बाहेर राहिलेलं मांस ‘उकळून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरातली खरी चूक होते ती रश्शात नाही, ताटाच्या कडेला. चिकन ज्या पाटावर कापलं, त्याच पाटावर, त्याच सुरीनं, वरवर पाणी मारून कांदा चिरला जातो. रस्सा उकळतो, कांदा उकळत नाही.

तेव्हा येत्या रविवारी चार गोष्टी करा. दुकानात १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक लावलेला आहे का बघा; पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. मटणावरचा शिक्का दाखवा म्हणा, लाजू नका. पाणी ड्रममधलं की नळाचं, ते पाहा. कांद्याला घरी वेगळा पाट ठेवा. दुकानात क्रमांक नसेल किंवा घाण दिसली तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक आहे १८००-२२२-३६५. तक्रार वासाची करू नका. वास यायच्या आधीची करा.